बजाबाईची तिन्हीसांज

बजाबाईनं वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मावळता सूर्य धड बघितला नव्हता. जन्म रानात गेला आणि सूर्य बघितला नाही म्हणजे काय, असं शहरातल्या लोकांना वाटेल. त्यांनी हसायचं तर खुशाल हसावं. दिवस कलला की रानातल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन घराकडे पळत सुटतात, आणि सूर्य टेकतो त्या वेळी त्या चुलीपुढे वाकून फुंकत असतात. बजाबाईची सासू तर फार कडक. "तिन्हीसांजेला बाईमाणूस उंबऱ्याच्या भाईर दिसलं की लक्षुमी आल्या पावली माघारी जाती," असं म्हणायची. लक्ष्मी त्या घरात कधी आलीच नव्हती, तर माघारी कुठून जाणार? पण हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पुढे उदयसिंहचं लग्न झालं आणि वैष्णवी सून म्हणून आली. बी.ए. झालेली, गॅसवर झटाझट स्वयंपाक उरकणारी. आल्यावर पंधरवड्यातच तिनं सांगून टाकलं, "आत्या, तुम्ही सरा बरं बाजूला. माझ्या पायात पायात येताय."

बजाबाईला ते लागलं. उभी हयात ज्या चुलीपुढे गेली तिथून पोरीनं उठवलं म्हणजे काय! शेळीचं दावं हातात घेऊन ती फणकाऱ्यानं निघाली ती सरळ रानाच्या टोकाला, बांधावर जाऊन बसली. मनात सुनेला चार शिव्या घातल्या. पाचवी सुचेना, कारण समोर काहीतरी भलतंच चाललं होतं. उन्हाचा रंग उतरत होता. ज्वारीच्या पानांच्या कडा तेवढ्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. साळुंक्यांचा थवा कलकलाट करत लिंबावर उतरला आणि कोणीतरी दटावल्यासारखा एकदम गप झाला. मातीतनं दिवसभराची ऊब वर येत होती आणि वारा मात्र गार होता. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला भाकरी नको होती. बजाबाई तशीच बसून राहिली. हे सगळं इतकी वर्षं रोज होत होतं आणि आपल्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही, याचाच तिला राग आला.

उठताना तिचं लक्ष बांधापलीकडे गेलं. तिकडे केराबाई बसली होती, पाठमोरी, बाभळीच्या बुंध्याला टेकून. केराबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. तिच्याही घरात सून आली होती आणि तिचीही चूल सुटली होती.

तिनंही वळून बघितलं. नजरानजर झाली तशा दोघींनी माना फिरवल्या, कारण त्यांना एकमेकींशी बोलायची बंदी होती.

बंदीची गोष्ट अशी. बजाबाईचा नवरा धोंडीराम आणि केराबाईचा नवरा नवनाथ, सख्खे भाऊ. करमाळ्यापासून आतल्या अंगाला त्यांची जमीन. बाप होता तोवर सगळं एकत्र होतं. दोघी जावांनी कित्येक वर्षं एका तव्यावर भाकरी भाजल्या. केराबाईचा अजिंक्य जन्मला तेव्हा ओढ्याला पाणी आलं होतं, सुईण पलीकडे अडकली. नाळ बजाबाईनं कापली. केराबाई तिला अक्का म्हणायची, ती हिला केरे म्हणायची. मग बाप गेला, वाटण्या झाल्या, आणि नेमकी एक बाभळ दोघांच्या बांधावर आली. धोंडीरामानं ती तोडली. नवनाथ कुऱ्हाड घेऊन आला. एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याचं डोकं फुटलं, आणि झाड तर गेलंच. राहिला तो गुडघाभर बुंधा. ज्या लाकडाची बाजसुद्धा धड झाली नसती त्याच्यासाठी दोन घरं तुटली. पुरुषांची अक्कल म्हणायची, दुसरं काय.

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण बायका विहिरीवर बोलतील, एकमेकींना कालवण देतील, म्हणून दोघा भावांनी आपापल्या बायकोला खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि देवाची हळद ओंजळीत घेऊन दोघींनी शपथ वाहिली: त्या घरातल्या माणसाशी शब्द बोलले, तर माझ्या घरचा पुरुष जाईल.

शपथ दोघींनी पाळली. तरी नवनाथ करमाळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला, आणि वर्ष-दोन वर्षांत धोंडीरामही छातीत कळ येऊन गेला. आता तरी शपथ संपली का नाही? नाही संपली. घरात पुरुष म्हणून पोरगा उरला होता ना! बजाबाईला उदयसिंहची धास्ती, केराबाईला अजिंक्यची. ज्यांनी भांडण केलं ते सुटले; ह्या दोघी अडकल्या त्या अडकल्याच.

बोलायची बंदी तशीच होती, तरी रोज सांजेला त्या बांधावर यायला लागल्या. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. मधे बांध आणि बांधावर चरणारी बजाबाईची शेळी, चिंगी.

सुरुवात कोणी केली ते दोघींनाही आठवत नसे. बहुतेक केराबाईनंच. एकदा शेळीनं तिच्या मेथीला तोंड लावलं तेव्हा ती कडाडली, "चिंगे, तुज्या मालकिणीनं तुला शिकीवलं न्हाय वाटतं, दुसऱ्याच्या रानात शिरू नये म्हणून?"

बजाबाईनं क्षणभर विचार केला. शेळीशी बोलायची काही बंदी नव्हती. "चिंगे," ती म्हणाली, "सांग लोकांना, मेथी दावून लावायची आन् शेळीला नावं ठेवायची."

झालं. दार उघडलं. त्या दिवसापासून त्या दोघी मनसोक्त बोलल्या, फक्त शेळीशी. त्या चिंगीनंतर दुसऱ्या शेळ्या आल्या, त्याही चिंग्याच झाल्या. सुनांचं गाऱ्हाणं, गुडघ्यांचं दुखणं, तुरीचा भाव, कुणाची लेक नांदत नाही, कुणाच्या रानात केळी आली, सगळं शेळीच्या कानावर जायचं.

"चिंगे, आज लोकांच्या घरला मटण हाय जणू. वास हितपतूर आलाय."

"चिंगे, वासानं प्वाट भरत न्हाय म्हणावं. वाटीभर रस्सा पिंकी तुमच्या वैष्णवीच्या हाती देणारच हाय. त्या दोघींचं मोबाइलवर ठरलंय. आपुण काय आंधळ्या हाय व्हय?"

पिंकी ही केराबाईची सून. सुनांनी कुठलाही भंडारा उचललेला नव्हता. त्या दिवसभर एकमेकींना मेसेज करायच्या, आणि सासवा आपल्याला काहीच माहीत नसल्याचं सोंग करायच्या.

मधेच बोलणं थांबायचं. सूर्य टेकायला आला की दोघी गप होत. तेवढ्या वेळात शेळीलासुद्धा कोणी काही सांगत नसे. टिटवी ओरडत जायची, लांबच्या रस्त्यावरून एसटी घरघरत गेल्याचा आवाज यायचा, पुन्हा शांत. बजाबाईला आयुष्यात जे काही सुख म्हणून मिळालं ते हेच, एवढंच. पण त्या सुखात एक कुसळ होतं. केराबाईच्या तोंडून तिला एकदा अक्का ऐकायचं होतं. शेळीला सांगून नव्हे, समोरासमोर, तोंडाकडे बघून. आपण मरायच्या आधी, नाहीतर तिच्या मरायच्या आधी.

गेल्या वर्षी, ज्वारी हुरड्यात आली तेव्हा, तिनं मनाशी ठरवलं आणि खंडोबाच्या देवळात जाऊन आण्णा गुरवाला गाठलं.

"आण्णा, उचलल्याला भंडारा सोडवायचा म्हणजे काय करावं लागतं?"

आण्णा देवाची भांडी घासत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "दोघी संगट या. देवाम्होरं उभं ऱ्हावा. तू तिच्या कपाळाला भंडारा लावायचा, तिनं तुज्या. मनापासनं. सुटली शपथ."

"एवढंच?"

"एवढंच."

"आवो पण बोलायचंच न्हाय, तर संगट या म्हणून सांगायचं कसं?"

"इतकी वर्सं शेळीला सांगतीयास की," आण्णा म्हणाले. "आख्ख्या गावाला ठाव हाय. आमी काय खुळं हाय व्हय?"

बजाबाईला लाज वाटली आणि हसूही आलं. त्या संध्याकाळी ती जरा लवकरच बांधावर गेली.

केराबाई आधीच येऊन बसली होती. नेहमीसारखी पाठमोरी, बुंध्याला टेकून, पदर डोक्यावरून खाली ओढलेला. ओटीत ज्वारीची दोन-चार कोवळी कणसं. चार दिवसांपासून ती जरा मंदच होती. परवाच म्हणाली होती, "चिंगे, उजव्या हाताला सारख्या मुंग्या येत्यात बघ," आणि बजाबाईनं उत्तर दिलं होतं, "चिंगे, हात हलीवला न्हाय की मुंग्या यायच्याच. सून आल्यापास्नं लोकांनी काडी उचलली न्हाय." त्यावर नेहमीचा उलटा टोला आला नव्हता. बजाबाईनं आपलीच सरशी झाली असं धरलं.

आज तिनं आधी इकडचं तिकडचं सुरू केलं. "चिंगे, यंदा हुरडा ग्वाड हाय. वैष्णवीचं माहेरचं येणार हायती रविवारी." उत्तर नाही. "चिंगे, लोकं आज मौनात हायती जणू." उत्तर नाही. रुसली असेल, बजाबाई मनात म्हणाली. मुंग्यांचं बोलले ते लागलं असेल. लागू दे, दोन टोले तीही हाणते. मग तिनं घसा साफ केला आणि जे सांगायचं ते सांगितलं.

"चिंगे, आण्णाकडं गेलते मी. त्यो म्हणला, दोघींनी संगट देवळात यायचं. एकमेकीच्या कपाळाला भंडारा लावायचा. सुटतं म्हणे सगळं. पोरांचं काय वंगाळ हुत न्हाय. लोकांनी ठरवावं. माजं ठरलंय."

पलीकडे काही हाललं नाही. बजाबाई थांबली. एवढी मोठी गोष्ट, विचार करत असेल. करू दे. घाई कसली?

त्या दिवशीची सांज फारच सुरेख होती. थंडी नुकती उतरत होती. ज्वारीवरून वारा गेला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखं वाटायचं. पारव्यांची एक रांग केळीच्या बागेवरून गेली. सूर्य लालबुंद होऊन बराच वेळ टेकडीच्या कडेवर बसून राहिला, जसं काही त्यालाही जायचं नव्हतं. चिंगी चरत चरत बांध उतरून पलीकडे गेली आणि केराबाईच्या ओटीतलं कणीस ओढून खायला लागली. केराबाईनं तिला हाकललं नाही. एरवी मेथीच्या एका काडीसाठी सात पिढ्या काढणारी बाई! बजाबाईला बरं वाटलं. नरमली म्हणायची. शेळीला घास देतेय म्हणजे होच आहे तिचा. नुसतं तोंडानं म्हणायचं उरलंय. बजाबाई हात गुडघ्यांभोवती घेऊन बसली आणि तिनं ती सांज घोट घोट घेत प्यायली. इतकी निवांत, इतकी भरलेली सांज तिच्या आयुष्यात दुसरी नव्हती.

पण सूर्य गेला, लाली गेली, ज्वारी काळी दिसायला लागली, तरी पलीकडून शब्द नाही. मग मात्र बजाबाईचा पारा चढला. एवढं आपण होऊन नमतं घेतलं, आणि हिला मान हलवायला जड झालं?

"बरं, चिंगे," ती उठत म्हणाली, "लोकांच्या मनात न्हाय. ऱ्हाऊ दे. आमच्या मातीला तरी या म्हणावं."

दावं ओढून शेळी घेतली आणि तरातरा घराकडे निघाली. मागे वळून बघितलं नाही. वळली असती, हाक मारली असती, चार पावलं बांध ओलांडून गेली असती, तर. पण शपथ होती, आणि शपथेहून मोठा राग होता.

ती अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच पिंकीची किंकाळी आली.

सासू अजून आली नाही म्हणून पिंकी बघायला गेली होती. पदर बाजूला केला तर तोंड वाकडं झालेलं, ओठाच्या कडेनं लाळ, उजवं अंग लुळं पडलेलं. उदयसिंह पळत गेला. कसली बंदी आणि कसलं काय. त्यानं चुलतीला उचलून आणली आणि आपल्या पिकअपमध्ये गादीवर घातली. वैष्णवी पांघरूण घेऊन चढली. पिंकी कानाला मोबाइल लावून करमाळ्याच्या डॉक्टरशी बोलत होती, आणि बोलता बोलता ती बजाबाईकडे वळली.

"मोठ्या आत्या, डॉक्टर इचारत्यात, कवापासनं अशा हायती? तुमी तितंच बसला हुता की."

सगळे बजाबाईकडे बघायला लागले. बांधाच्या ह्या बाजूच्या बाईनं त्या बाजूच्या बाईशी बोलायचं नव्हतं. पण तेवढा विचार करायला सवडच कुठे होती?

"दिवस टेकायच्या आधीपासनं," बजाबाई म्हणाली. "मी गेले तवा गपच हुती. मला वाटलं... मला वाटलं, रुसली."

पिंकीनं तेच फोनमध्ये सांगितलं, शेवटचं सोडून. गाडी गेली.

त्या रात्री बजाबाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपण बोललो त्या घराशी, आणि आपला पोरगा त्याच वेळी गाडी घेऊन रस्त्यावर. करमाळ्याहून त्यांनी सोलापूरला न्यायला सांगितलं होतं. प्रत्येक वाहनाच्या आवाजाला ती दचकली. सकाळी उदयसिंह धडधाकट परत आला, अंगणात उभं राहून आळस दिला आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय." बजाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. काही झालं नव्हतं. बोललं तरी काही होत नव्हतं. म्हणजे कधीच काही होणार नव्हतं. एवढी वर्षं शेळीशी बोलून काढली ती कशासाठी?

"मेंदूत गाठ अडकली रक्ताची," तो भाकरीचा तुकडा मोडत सांगत होता. "डॉक्टर म्हणले, तास-दोन तास आधी आणलं असतं तर हात-पाय वाचलं असतं. बोलणं बी आलं असतं कदाचित." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तो काय बोलतोय ते. वैष्णवीनं त्याला डोळ्यानं खुणावलं तोवर बोलून झालं होतं.

चार दिवसांनी बजाबाई हट्टानं सोलापूरला गेली. नव्या पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला असलेला अजिंक्य तिला स्टँडवर घ्यायला आला. दवाखाना सात रस्ता म्हणतात त्या चौकाच्या अंगाला होता. रिक्षातनं उतरल्यावर एवढ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायचा तर अजिंक्यनं तिचा हात धरला. ज्या पोराची नाळ कापली त्याच्या अंगाला तिचा हात लहानपणानंतर पहिल्यांदाच लागत होता. पलीकडे गेल्यावरही त्यानं तो सोडला नाही. फक्त म्हणाला, "आई तुमची वाट बघती आसंल, मोठी आई."

केराबाई खाटेवर होती. नाकात नळी. डोळे उघडे होते. बजाबाईला बघून डावा डोळा हालला. नर्स म्हणाली, "बोला आजी, ऐकू येतं त्यांना सगळं."

बोला! आता बोलायचं! समोर शेळी नाही, बांध नाही, पाठमोरं माणूस नाही, तोंडासमोर तोंड. चिंगीला बजाबाई काय वाटेल ते सांगू शकत होती, पण ह्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच मोडली होती. खूप वेळानं ती म्हणाली, "केरे." आणि मग, नाकात नळी असलेल्या माणसाला, "जेवलीस का?"

नर्सला हसू आलं. केराबाईच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण ते तिच्या डोळ्यातून तसंही सारखंच येत होतं म्हणे.

पुढे दवाखान्यानं, आता घरी न्या, असं सांगितलं. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. अजिंक्यनं रजा काढली आणि आईला वस्तीवर आणली. खोलीत तिची घुसमट व्हायची, आँ आँ करत राहायची. म्हणून दिवस कलला की तिची बाज दारापुढे काढायचे, पश्चिमेकडे तोंड करून. मग ती गप व्हायची. बजाबाई रोज बांध ओलांडून जायची आणि बाजेशेजारी पोत्यावर बसायची. कुणी अडवलं नाही. अडवायला होतंच कोण?

काय बोलावं हे तिला तिथंही कळत नसे. मग दिसेल ते सांगायची. "साळुंक्या आल्या बघ. आज टिटवी लईच वरडाय लागलीया. पारवं चाललं." केराबाईला सगळं दिसतच होतं. तरी बजाबाई सांगत राहायची. जे विचारायचं होतं ते एकच: त्या दिवशी मी जे बोलले ते तू ऐकलंस का? ऐकलं असशील तर तुझं काय म्हणणं होतं? आणि मातीचं बोलले तेही ऐकलंस का? हे विचारायला तोंड उघडायचं आणि टिटवीवर येऊन थांबायचं.

शेवटी तिनं आण्णांना बोलावणं धाडलं. देवळात जाणं होणार नव्हतं, तर देवच चार पावलं आला तर काय बिघडलं? आण्णा वाटीत भंडारा घेऊन आले. सूर्य टेकायला आला होता. पिंकी, अजिंक्य, वैष्णवी दाराशी उभे राहिले. उदयसिंह लांब, हाताची घडी घालून.

बजाबाईनं चिमूट घेतली आणि केराबाईच्या कपाळाला लावली.

"आता तिनं," आण्णा म्हणाले आणि त्यांनी वाटी केराबाईच्या जवळ धरली.

उजवा हात तर मेलेला. बजाबाईनं तोच उचलला, बोटं भंडाऱ्यात बुडवली. पण ती बोटं कसली, ओल्या कापडाच्या चिंध्या. आपण दुसऱ्याचा हात धरून आपल्याच कपाळाला लावायचा, त्याला काय अर्थ? मनापासनं, असं आण्णा म्हणाले होते. तिनं हात परत पांघरुणावर ठेवला.

तेवढ्यात केराबाईचा डावा हात उठला. आपला आपण. कोपरातून डगडगत वाटीपर्यंत आला, भंडारा बराच सांडला, थोडा बोटांना लागला, आणि तो हात बजाबाईच्या तोंडाकडे यायला लागला.

बजाबाईनं मान मागे घेतली.

तिनं ठरवून घेतली नव्हती. देवाच्या कार्याला डावा हात? तिला लहानपणापासून आईनं, सासूनं, साऱ्या जगानं शिकवलेलं, तिच्या मानेतच बसलेलं होतं ते. मनाला विचारायला मान थांबली नाही. क्षणभराचीच गोष्ट. लगेच तिला कळलं, ती पुढे वाकली, पण तोवर केराबाईचा हात अधांतरी थांबला होता. मग तो खाली पडला, पांघरुणावर. पांघरुणाला पिवळा डाग पडला. केराबाईनं डोळे सूर्याकडे वळवले.

"केरे," बजाबाई म्हणाली. "केरे, लाव. डाव्या हातानंच लाव. मी... लाव की गं."

हात उठला नाही.

पुढचे सगळे दिवस बजाबाई सांजेला गेली. पक्षी सांगायचं तिनं सोडून दिलं. बाजेच्या डाव्या अंगाला बसायची, खाली वाकायची, कपाळ त्या हाताच्या अगदी जवळ न्यायची आणि वाट बघायची. बोटं कधी हालायची, कधी नाही. हालली तरी पांघरूण चाचपायची. पिंकीनं एकदा वाटी आणून ठेवली होती. भंडाऱ्यावर धूळ बसली. सूर्य जायचा, गारवा यायचा, वैष्णवी शाल घेऊन यायची आणि सासूच्या खांद्यावर टाकून जायची.

केराबाई एका पहाटे झोपेतच गेली. तिला रानातच अग्नी दिला, बांधाच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

तिसऱ्याला राख सावडताना आण्णा बजाबाईच्या शेजारी उभे होते. तिचं तोंड बघून त्यांना राहवलं नसेल. "बाई," ते म्हणाले, "लई मनाला लावून घेऊ नगंस. तिनं हात उचलला, तवाच शपथ सुटली. देवाला सगळं कळतं."

"देवाला कळलं आसंल," बजाबाई म्हणाली. "मला तिला कळवायचं हुतं."